मोठी क्रूझर, जुना घाट: परळच्या स्वारांचा कौल

जानेवारी २०२३ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘सुपर मिटिऑर ६५०’ विक्रीस आली, तेव्हा तिच्याविषयीचे मत दोन तुकड्यांत मिळाले. पहिला तुकडा कौतुकाचा. ६४८ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन लोण्यासारखे चालते, महामार्गावर गाडी रुळावर असल्यासारखी सरळ धावते, बैठक जमिनीपासून अवघी ७४० मिलिमीटर असल्याने बेताच्या उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात. दुसरा तुकडा तक्रारीचा. मागचे शॉक अब्झॉर्बर कडक आहेत, खड्डा थेट माकडहाडाला कळतो, आणि २४१ किलोची ही गाडी बंद करून मागे ढकलायची वेळ आली की भल्याभल्यांना घाम फुटतो. गंमत अशी, की पुष्कळदा हे दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या तोंडचे असत.

हा विरोधाभास त्या एका गाडीपुरता नाही. मोठी क्रूझर मुंबईत जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तिला असाच दुभंगलेला कौल मिळाला. त्याचे कारण गाडीत आहे त्याहून अधिक रस्त्यात आहे, आणि ते समजून घ्यायला परळसारखी दुसरी जागा नाही. क्रूझरला हवा तसा लांब, सपाट, बिनसिग्नलचा रस्ता परळच्या पूर्वेलाही आहे आणि पश्चिमेलाही. दोन्हीकडे दुचाकीला बंदी आहे. मग परळचा स्वार आपली मोठी गाडी नेतो कुठे? ज्या रस्त्याने नेतो त्याचा आरंभ १८३० सालापर्यंत मागे जातो, आणि त्या काळचे सत्ताकेंद्र परळातच होते. ही सारी हकिकत क्रमाने पाहू.

आधी क्रूझर म्हणजे काय ते स्पष्ट केलेले बरे, कारण नुसती मोठी मोटरसायकल म्हणजे क्रूझर नव्हे. १९०३ मध्ये मिलवॉकी शहरात सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांनी जे रूप रूढ केले, ते अमेरिकेच्या भूगोलातून आलेले आहे. गावे एकमेकांपासून दूर, मध्ये मैलोन् मैल सरळ रस्ता. १९५६च्या कायद्याने तिथे आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले आणि ही सरळ रेषा आणखी लांबली. अशा रस्त्यावर दिवसभर बसायचे तर पाय पुढे पसरलेले हवेत, हात सैल हवेत, पाठ किंचित मागे रेललेली हवी. पुढचा काटा अधिक तिरपा आणि दोन चाकांमधले अंतर अधिक असले की गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते. तिला वळवायला जोर लागतो, पण सरळ रस्त्यावर तोच तिचा गुण ठरतो.

या बैठकीची एक किंमत आहे आणि ती शरीर मोजते. साध्या मोटरसायकलवर पायटे जवळजवळ स्वाराच्या खाली असतात, त्यामुळे खड्डा दिसताच तो गुडघ्यांवर भार घेऊन क्षणभर उठू शकतो. क्रूझरवर पाय पुढे असल्याने उठता येत नाही. सगळा धक्का कण्याच्या तळाशी जातो. गाडीची उंची कमी ठेवायची म्हणून मागच्या स्प्रिंगला खाली-वर व्हायला जागाही थोडीच मिळते. म्हणजे ज्या रचनेमुळे अमेरिकेच्या सपाट महामार्गावर आराम मिळतो, तीच पावसाळ्यानंतरच्या मुंबईत पाठदुखी देते. सुपर मिटिऑरविषयीची मते दोन तुकड्यांत पडली ती इथे.

भारतात या आकृतीची गाडी सामान्य ग्राहकासमोर प्रथम ठळकपणे आणली ती महाराष्ट्रातल्याच कंपनीने. आकुर्डीच्या बजाज ऑटोचे जपानच्या कावासाकीशी ऐंशीच्या दशकापासून सहकार्य होते. २००१च्या आरंभी या दोघांनी १७५ सीसीची ‘एलिमिनेटर’ आणली. बसकी बैठक, थेंबाच्या आकाराची टाकी, भरपूर क्रोम. लोक वळून पाहत. पण त्या वेळचे दुचाकीचे राज्य १०० सीसीच्या काटकसरी गाड्यांचे होते, आणि त्यांच्या मानाने एलिमिनेटरची किंमत फारच जास्त होती. शिवाय गाडीजवळ थांबणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारी तो ठरलेला: ‘ॲव्हरेज किती देते?’

या ‘ॲव्हरेज’ शब्दाकडे जरा पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ सरासरी. मराठीत मात्र दुचाकीच्या संदर्भात तो एका लिटरात किती किलोमीटर एवढ्याच अर्थाने घट्ट बसला आहे. क्रूझरविषयीचे निम्मे लोकमत या एका शब्दाने ठरवले. गाडी चालवणारा तिच्या चालीविषयी बोले आणि न चालवणारा ॲव्हरेजविषयी. संभाषण तिथेच संपे.

बजाजने या मताकडे दुर्लक्ष केले नाही. २००५ मध्ये तीच आकृती ‘ॲव्हेंजर’ या नावाने परतली, पण आत कावासाकीच्या इंजिनाऐवजी स्वतःच्या पल्सरचे १८० सीसीचे इंजिन होते. किंमत खाली आली, सुटे भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळू लागले. पुढे २०० आणि २०१० मध्ये २२० सीसीचे इंजिन आले. ॲव्हेंजर खऱ्या अर्थाने मोठी क्रूझर कधीच नव्हती. वजनाने हलकी, इंजिनाने लहान. तरीही ज्यांना सकाळी कामावर जायचे आणि वर्षातून दोनदा कोकणात उतरायचे, त्यांना तिने लोळत बसण्याची चव लावली. तिच्याविषयीची मते आजही मवाळ आहेत, आणि त्याचे कारण सोपे आहे: तिच्याकडून कोणी फार मोठी अपेक्षा ठेवली नाही.

खरी मोठी क्रूझर भारतात आली ती हापूस आंब्याच्या वाटेने, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. किडींच्या धास्तीने अमेरिकेने भारतीय आंब्याला सुमारे १८ वर्षे दार बंद ठेवले होते. दुसऱ्या बाजूला, भारताच्या प्रदूषण नियमांत ८०० सीसीवरील मोटरसायकलींसाठी तरतूदच नव्हती, त्यामुळे हार्लेला येथे प्रवेश नव्हता. एप्रिल २००७ मध्ये दोन्ही दारे एकाच सुमारास उघडली. भारताने युरो-३ मानके पाळणाऱ्या मोठ्या गाड्यांना परवानगी दिली, आणि अमेरिकेने विकिरण प्रक्रिया केलेला आंबा स्वीकारला. ही प्रक्रिया होत होती नाशिक जिल्ह्यात, लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात. मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेले हे केंद्र. तिथून निघालेल्या १५० पेट्या त्या महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कला उतरल्या.

आंबे लगेच पोचले, गाड्या मात्र नाहीत. नियम बदलला तरी ६० टक्के आयात शुल्क आणि त्यावरचे इतर कर तसेच होते. हार्लेने भारतात येण्याची घोषणा केली ऑगस्ट २००९ मध्ये, आणि २०१० मध्ये गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या. सर्वांत स्वस्त मॉडेल सात लाखांच्या घरात. त्या पैशांत त्या काळी उत्तम मोटारगाडी येत असे, आणि हे वाक्य प्रत्येक हार्लेवाल्याने आपल्या घरात कधी ना कधी ऐकलेले असणार.

अशी गाडी परळात आणली की काय होते? परळ हा चालत जाणाऱ्यांचा भाग म्हणून वाढला. गिरण्यांच्या भोंग्याला हजर व्हायचे तर घर गिरणीपासून चालत्या अंतरावर हवे, म्हणून चाळी गिरण्यांना खेटून उभ्या राहिल्या. ज्यांनी त्या बांधल्या त्यांनी वाहन ठेवण्याच्या जागेचा विचार केला नव्हता, करण्याचे कारणही नव्हते. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर बांधकामाला वाट करून दिली, आणि त्याच जागांवर टॉवर उभे राहिले. आज त्याच एका गल्लीत एक क्रूझर टॉवरच्या आच्छादित वाहनतळात झाकून ठेवलेली असते आणि दुसरी चाळीच्या बोळात, शेजाऱ्यांच्या सहा स्कूटरींच्या मागे अडकलेली. दोन्ही मालकांची मते ऐकली तर गाडी एकच आहे यावर विश्वास बसणार नाही. टॉवरवाला आवाजाविषयी बोलतो. चाळीतला आधी सहा स्कूटरी बाजूला करतो, मग पाव टन वजनाची गाडी हाताने उलटी बोळाबाहेर काढतो, आणि मगच इंजिन सुरू करतो. तोवर आवाजाचे कौतुक निम्मे ओसरलेले असते.

मग डॉ. आंबेडकर मार्ग. परळ टी.टी., भारतमाता, लालबाग. पूर्वी इथून ट्राम जात असे आणि १९६४ मध्ये ती बंद झाली, पण तिचा वेग गर्दीच्या वेळी अजून शिल्लक आहे. व्ही आकाराच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात मागचा सिलिंडर स्वाराच्या मांडीखाली येतो. गाडी धावत असेल तर वारा उष्णता वाहून नेतो. मे महिन्यात सिग्नलला उभे राहिल्यावर ती मांडीतच मुरते. ही तक्रार जगभरच्या गरम शहरांतून इतकी झाली, की हार्लेने काही मॉडेलांत गाडी उभी असताना मागचा सिलिंडर आपोआप बंद पडण्याची सोय केली. मुंबईच्या स्वारांनी त्यावर स्वस्त उपाय काढला: सिग्नल मोठा असेल तर चावीच फिरवायची.

मागे बसणाऱ्याचे मत मात्र परीक्षणांत क्वचितच येते, आणि हे अन्यायाचेच म्हणायला हवे. आपल्या वाहन नियमांत दुचाकीवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून आच्छादन सांगितलेले आहे. लोकांच्या तोंडी त्याला ‘साडी गार्ड’ म्हणतात. परदेशी क्रूझरलाही ते लावावे लागते, आणि गाडी घरी आल्यावर सौंदर्याला बाधा येते म्हणून पुष्कळ मालक ते काढून टाकतात. त्या क्षणी घरातल्या साडी नेसणाऱ्या सगळ्या बायका त्या गाडीच्या हिशेबातून वगळल्या जातात. याच्या अगदी उलट चित्र गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत दिसते. तिथे नऊवारी आणि फेटा घातलेल्या स्त्रिया स्वतःच हँडल धरून असतात. माणसाच्या चालीने पुढे सरकणाऱ्या मिरवणुकीत जड गाडी तोलून धरणे हे महामार्गावर ती पळवण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि तिथे क्रूझरच्या बसक्या बैठकीचा खरा उपयोग होतो.

आता बंद रस्त्यांकडे वळू. परळहून दक्षिणेला फोर्टकडे निघाले की भायखळ्यापुढे जे.जे. उड्डाणपूल लागतो. अपघातांमुळे २०१० पासून त्यावर दुचाकींना बंदी आहे. स्वाराने खालून, महंमद अली मार्गाच्या गर्दीतून जायचे. पश्चिमेला वरळी-वांद्रे सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. दुचाकींना पहिल्या दिवसापासून बंदी. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, तिथेही बंदी. पूर्वेला शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला, तिथेही बंदी. आणि पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग, जो २००२ पर्यंत पूर्ण झाला, तोही दुचाकींना बंद. घाटातला थोडा भाग तेवढा अपवाद, त्याचे कारण पुढे येईल.

ही यादी क्रूझरच्या डोळ्यांनी वाचून पाहावी. सरळ, रुंद, गुळगुळीत, सिग्नल नसलेला रस्ता, म्हणजे ज्यासाठी ही गाडी जन्मली नेमका तो, मुंबईच्या परिसरात एकामागून एक तयार झाला, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडाशी चारचाकीखेरीज इतरांना मनाई करणारी पाटी लागली. २०१० मध्ये हार्ले ग्राहकाच्या दारात आली तेव्हा सागरी सेतू खुला होऊन एक वर्ष झाले होते. दोघांची भेट कधी झाली नाही.

याबाबत स्वारांचा युक्तिवाद असा आहे: आमच्या गाडीचे इंजिन तुमच्या मोटारीएवढे आहे, किंमत तिच्याहून जास्त आहे, वेगात आम्ही कोणाला अडवत नाही, मग बंदी का? कर आकारताना शासनाला हा फरक नीट कळतो. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. आयात शुल्कातही २०२५च्या अर्थसंकल्पाने १६०० सीसीची रेषा आखली. थोडक्यात, कर घेताना सीसी मोजतात आणि पुलावर सोडताना चाके मोजतात. हा युक्तिवाद वजनदार आहे.

पण तो पुरता पटत नाही. समुद्रावरच्या पुलावर आडवा वारा असतो आणि दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला तो मोटारीपेक्षा अधिक जाणवतो. २४१ किलोची गाडी त्याला अपवाद नाही. जे.जे. पुलावरची बंदी कागदी भीतीतून आलेली नाही, तिथे माणसे गेली आहेत. आणि समजा, उद्या मोठ्या इंजिनांना पूल खुला केला, तर परळहून अंधेरीला रोज ११० सीसीच्या स्कूटरवर जाणाऱ्याला काय सांगायचे? क्रूझरवाल्याचा पुलाअभावी जातो तो रविवारचा आनंद. स्कूटरवाल्याचा रोजचा वेळ जातो. बंदीचा फेरविचार व्हायचाच असेल तर त्याची सुरुवात स्कूटरपासून व्हायला हवी, असे प्रस्तुत इतिहास पाहता म्हणावेसे वाटते. क्रूझरच्या स्वारांनी आपली मागणी ‘सुपरबाइक’पुरती मर्यादित ठेवली, त्यात तिचे बळ कमी झाले.

तेव्हा उरतो जुना रस्ता. आणि इथे परळचा खरा इतिहास सुरू होतो. आज जिथे हाफकिन संस्था आहे ती इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात, म्हणजे १८१९ ते १८२७ या वर्षांत, परळचे महत्त्व वाढले. त्याच्यानंतर आलेल्या सर जॉन माल्कमने पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नरांसाठी बंगला घेतला. आता एका टोकाला परळ, दुसऱ्या टोकाला दापोडी, आणि मध्ये बोरघाट. पेशवाई संपून जेमतेम दशक झालेले. मुंबई आणि पुणे चाकांनी जोडणे ही राज्य टिकवण्याची गरज होती. १८३० मध्ये माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. मुंबईहून पनवेलपर्यंत तेव्हा होडीने जावे लागे, आणि तिथून घोडागाडीने वर.

हा घाट वाहनांचा तोल पाहतो, घाईची कदर करत नाही. वाटेत शिंग्रोबाचे देऊळ आहे. आख्यायिका अशी, की शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना डोंगरातून वर जाण्याची वाट दाखवली आणि बक्षिसादाखल त्याच्या वाट्याला गोळी आली. येणारे-जाणारे वाहनचालक अजून तिथे नाणे टाकतात. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या मोटारींना हे देऊळ लागत नाही. मोटरसायकलींना लागते.

रविवारी पहाटे परळहून निघालेला क्रूझरस्वार शीव, चेंबूर, वाशीचा पूल, पनवेल असे करत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागतो आणि चौक, खोपोली मागे टाकून बोरघाट चढू लागतो. इथे मते पुन्हा बदलतात. जे वजन बोळात शाप होते ते पनवेलपुढच्या सपाटीवर स्थैर्य होते. जी लांबी परळ टी.टी.ला वळताना आडवी येते ती चौकपर्यंत सुखाची वाटते. मग खोपोलीनंतरची वळणे येतात आणि पायटे रस्त्याला घासतात की काय अशी शंका येऊ लागते. इथे ॲव्हेंजरवाला हार्लेवाल्याच्या पुढे निघून जातो, आणि ती गोष्ट वर चहा पिताना आवर्जून सांगितली जाते.

घाटाच्या माथ्याकडे एक विलक्षण तुकडा आहे. डोंगराने दोन रस्त्यांना पुरेल एवढी जागा दिली नाही, म्हणून तिथे जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र चालतात. मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. याच भागात ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल होता. एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत, रस्ता रिकामा असल्याचे साधून, तो पाडला गेला. या तुकड्यात दुचाकींना शिरावेच लागते, कारण दुसरी वाट नाही. तेवढी काही मिनिटे क्रूझर द्रुतगती मार्गावर असते, कायदेशीरपणे, मालमोटारींच्या रांगेत, चढावर. मग खंडाळ्याचा फाटा येतो आणि तिला पुन्हा बाजूला व्हावे लागते.

कंपन्यांनी या मतांवरून काय घेतले ते हार्लेच्या वाटचालीत दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये तिने भारतातला स्वतःचा कारभार आवरता घेतला, महिन्याभरात हीरो मोटोकॉर्पशी करार केला, आणि जुलै २०२३ मध्ये दोघांनी ‘एक्स ४४०’ आणली. सिलिंडर एक, पाय जवळजवळ सरळ खाली, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. क्रूझरचे नाव असलेल्या कंपनीने भारतात विकायला काढलेली ती गाडी क्रूझर नव्हती. सुपर मिटिऑरचे स्वार तिला हसले, पण त्यातल्या काहींनी दुसरी गाडी म्हणून तिची चौकशीही केली असेल, कारण ती बोळात उलटी काढता येते.

दरम्यान परळात आणखी एक रस्ता वर चढतो आहे. शिवडी ते वरळी असा उन्नत मार्ग अटल सेतूला वरळीच्या बाजूशी जोडण्यासाठी बांधला जात आहे. त्याच्यासाठी शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करून पाडायला घेतला. एका टोकाला अटल सेतू, दुसऱ्या टोकाच्या पुढे सागरी सेतू आणि किनारा मार्ग, तिन्ही दुचाकींना बंद. खाली पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी सगळी वाहतूक दादरच्या टिळक पुलावर, करी रोडच्या आणि चिंचपोकळीच्या पुलांवर वळवली आहे. संध्याकाळी करी रोडच्या पुलाच्या चढावर रांग लागते, आणि तिच्यात २४१ किलोची एखादी क्रूझर अर्ध्या क्लचवर, दोन्ही पाय टेकून उभी असते. शेजारचा स्कूटरवाला टाकीकडे एकदा पाहतो आणि विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’